पायलट व्हायचंय, पण रंग नीट दिसतात का? इंदूरच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबागेत आमचं चष्म्याचं दुकान आहे. दुकानामागे उत्तरेकडे खिडकी असलेली एक लहानशी खोली, तिथे मी डोळे तपासते. बारावीचा निकाल लागला की दरवर्षी दोन-चार घरं तरी येतात. मुलाला पायलट व्हायचंय, फ्लाइंग क्लबात चौकशी करून झाली आहे, आता "फक्त डोळ्यांचं एकदा बघून द्या, ताई." तेच प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं लिहूनच काढली. एक आधीच सांगते. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, वैमानिकांचे परवाने देणाऱ्या डीजीसीए या सरकारी खात्याची डॉक्टर नाही. माझ्या कागदावर कोणी परवाना देत नाही. पण पुढे काय वाढून ठेवलंय, ते माझ्याकडे आधी कळू शकतं.

रंगांधळेपणा म्हणजे रातांधळेपणाच ना?

नाही. रातांधळेपणात अंधारात दिसत नाही. रंगांधळ्या माणसाला दिसतं सगळं, लख्ख दिसतं, अगदी शेवटची ओळसुद्धा वाचतो. फक्त काही रंगांतला फरक त्याला जाणवत नाही. खरं तर 'रंगांधळा' हा शब्दच फसवा आहे. जग काळं-पांढरं दिसणारी माणसं फारच क्वचित असतात.

मग त्याला नेमकं काय दिसत नाही?

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. ढोबळमानाने एक लाल बाजूची, एक हिरव्या बाजूची, एक निळ्या बाजूची. बहुतेकांत गडबड असते ती पहिल्या दोनांत. पेशीचा एखादा प्रकार नसतोच, किंवा असतो पण त्याला जाणवणारे रंग दुसऱ्या प्रकाराच्या फार जवळ सरकलेले असतात. मग लाल, हिरवा, तपकिरी, केशरी या घरातले रंग एकमेकांत मिसळतात. माहेश्वरी साडीचा काठ मेंदीचा की विटकरी, हे त्याला सांगता येत नाही. लाल बाजूची पेशी बिघडली असेल तर आणखी एक गोष्ट होते: लाल रंग मंद दिसतो, कधी जवळजवळ काळा.

"पण तो तर सगळे रंग ओळखतो!" हे वाक्य मी प्रत्येक आईकडून ऐकलंय. एकदा एक जण सकाळी असाच आईबरोबर आला, येताना पोह्याचा पुडा घेऊनच. मी म्हटलं, उघड आणि यात लाल काय, हिरवं काय, दाखव. त्यानं डाळिंबाचे दाणे दाखवले, कोथिंबीरही दाखवली. आईचा चेहरा खुलला. मग मी कागदावर रंगीत पेन्सिलीनं दोन गोल काढले, एक लाल, एक शेवाळी हिरवा, आणि तेच विचारलं. पोरगं गप्प. दाणा तो चकाकीवरून ओळखत होता, कोथिंबीर पानाच्या आकारावरून. रंग मध्ये आलाच नव्हता. ही मुलं लहानपणापासून अशीच हुशारीनं निभावून नेतात, म्हणून घरी कळत नाही आणि शाळेतही कळत नाही.

आमच्या घरात कोणालाच नाही, मग याला कुठून आलं?

बहुधा आजोळकडून. लाल-हिरव्या रंगाची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला एक्स एकच मिळतो, तोही आईकडून. म्हणजे वडिलांचा हा दोष मुलाकडे येऊच शकत नाही. आजोबा (आईचे वडील) रंगांधळे असतील तर त्यांच्या मुलीत तो एक्स असतोच, पण तिचा दुसरा एक्स चांगला असल्यामुळे तिला काही जाणवत नाही. तिच्या मुलाला मात्र तो मिळण्याची शक्यता निम्मी. 'मामावर गेलाय' असं आपण नाकाडोळ्यांवरून म्हणतो, इथे ते शब्दशः खरं निघतं. मामाला बोलावून रंगीत ठिपक्यांच्या पाट्यांचं तपासणीचं पुस्तक दाखवलं की पुष्कळदा उलगडा होतो, आणि पन्नाशीच्या मामाला स्वतःबद्दल पहिल्यांदाच कळतं.

सासूबाई सोबत असल्या तर हे उत्तर मी जरा जपून देते.

युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आणि बायकांत सुमारे अर्धा टक्का मोजलं गेलंय. भारतात ते त्याहून कमी आढळतं. तरी बारावीच्या एका मोठ्या वर्गात एखादा मुलगा असतोच म्हणा ना.

विमान तर आता कॉम्प्युटरच चालवतो. रंग लागतात कुठे?

संध्याकाळी बिजासन टेकडीवर गेला असाल तर उतरणारं विमान पाहिलं असेल. त्याच्या डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा दिवा असतो, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा. रात्री समोर दुसरं विमान दिसलं आणि तांबडा दिवा तुमच्या उजव्या हाताला, हिरवा डाव्या हाताला असेल, तर ते तुमच्याकडेच येतंय. फक्त शेपटीचा पांढरा दिसला तर तुमच्यापासून लांब चाललंय. रंग कळले नाहीत तर उरतात दोन ठिपके.

जमिनीवर तर दिव्यांची भाषाच आहे. धावपट्टीच्या कडेला पांढरे दिवे, सुरुवातीला हिरवे, शेवटी तांबडे. टॅक्सीवेच्या, म्हणजे धावपट्टीकडे जाणाऱ्या वाटेच्या, कडेला निळे, मधल्या रेषेवर हिरवे. रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून दिव्याचा झोत दाखवतात: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर तांबडा म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता तांबडा म्हणजे इथे उतरू नका, विमानतळ सुरक्षित नाही. कॉकपिटमधल्या पडद्यांवरही धोक्याला लाल, सावधगिरीला पिवळट केशरी असाच शिरस्ता.

सगळ्यात कळीचा मुद्दा पापीचा. नावावर जाऊ नका, तो धावपट्टीच्या बाजूला लावलेला चार दिव्यांचा संच आहे. उतरताना दोन पांढरे आणि दोन तांबडे दिसले तर उंची बरोबर. तांबडे वाढत गेले तर विमान खाली चाललंय, चारही तांबडे म्हणजे फार खाली. इथे सगळी माहिती रंगातच असते, ना आकारात ना जागेत. त्या मुलानं पोह्यात वापरलेली युक्ती इथे चालत नाही.

२६ जुलै २००२ ला अमेरिकेत टॅलाहासीला पहाटेच्या अंधारात फेडएक्सचं बोइंग ७२७ मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडे झाडांत आदळलं. तिघेही वैमानिक गंभीर जखमी झाले, पण वाचले. विमान चालवणाऱ्या सहवैमानिकाच्या रंगदृष्टीत मोठा दोष होता, तरी त्याच्याकडे वैध मेडिकल प्रमाणपत्र होतं. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेनं मुख्य दोष दिला तो योग्य उंची न राखण्याला, आणि हातभार लावणाऱ्या कारणांत थकव्याबरोबर हा रंगदृष्टीचा दोषही नोंदवला. कॉकपिटमध्ये तिघे होते, हे मी मुद्दाम सांगते, कारण "शेजारी दुसरा पायलट असतोच की" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

नियम नेमका काय आहे?

भारतात परवाना आणि मेडिकल डीजीसीएच्या अखत्यारीत येतं आणि पाया आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ चा. त्यात रंगाबद्दलची मागणी साधी आहे: कामासाठी लागणारे रंग अर्जदाराला पटकन ओळखता आले पाहिजेत. तपासणी ठिपक्यांच्या पाट्यांनी, दिवसाच्या उजेडात किंवा त्याच जातीच्या कृत्रिम प्रकाशात करायची. पाट्यांवर अडखळला तरी हवाई वाहतुकीतले रंग आणि दिवे बिनचूक ओळखतो असं पुढच्या तपासणीत दिसलं, तर आयकाओच्या नियमात त्याला दार बंद नाही. तेही जमलं नाही, तर परिशिष्टात एवढीच सवलत उरते: क्लास २, आणि तेही फक्त दिवसा, बाहेर बघत उडवण्यापुरतं. एअरलाइनची नोकरी त्यात बसत नाही.

क्लास २ म्हणजे विद्यार्थी आणि खासगी वैमानिकांसाठी, क्लास १ म्हणजे व्यावसायिक परवान्यासाठी. क्लास २ डीजीसीएच्या यादीवरच्या डॉक्टरांकडे होतं. क्लास १ ची पहिली तपासणी म्हटलं की आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी हवाई दलाची केंद्रं असतात, दिल्लीचं एएफसीएमई आणि बंगळुरूचं आयएएम. डॉक्टरांची आणि केंद्रांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर पाहा, शेजाऱ्याच्या मुलानं तीन वर्षांपूर्वी काय केलं ते विचारू नका.

आधी मेडिकल की आधी फी?

आधी मेडिकल. क्लास १ सुद्धा हातात येऊ द्या, मग मोठी रक्कम भरा.

हे मी इतकं ठासून का सांगते त्याला कारण आहे, आणि ते कारण मीच आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी एक मुलगा वडिलांबरोबर आला. खोलीतली ट्यूब त्याच दिवशी गेली होती, म्हणून मी जुना पिवळा बल्ब लावला आणि त्याच उजेडात पुस्तक दाखवलं. दोन-तीन पाट्यांवर थांबला, पण बाकी वाचल्या. मी म्हटलं, ठीक वाटतंय. पिवळ्या बल्बच्या उजेडात हिरव्या बाजूचा दोष असलेली काही मुलं पाट्या जास्त बऱ्या वाचतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या संध्याकाळी आठवलं नाही. वडिलांनी त्या भरवशावर दूरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये पहिला हप्ता भरला. मेडिकलमध्ये रंगावर मुलगा अडकला, आणि हप्ता परत मिळाला नाही. ते गृहस्थ माझ्याशी भांडले नाहीत. पुन्हा आले, मुलाला खिडकीशी बसवलं आणि म्हणाले, "आता दाखवा." पहिल्या पाच पाट्यांतच कळलं.

त्यानंतर त्या खोलीत पिवळा बल्ब नाही, आणि संध्याकाळी रंगांची तपासणी नाही.

इशिहाराची तपासणी कशी होते?

शिनोबू इशिहारा हे टोकियोचे नेत्रतज्ज्ञ. जपानी सैन्यभरतीसाठी त्यांनी या पाट्या तयार केल्या, १९१७ साली त्या प्रसिद्ध झाल्या आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी जगभर त्याच चालतात. मोठ्या पुस्तकात ३८ पाट्या असतात, छोट्या आवृत्त्याही आहेत. ठिपक्यांच्या वर्तुळात आकडा दडलेला असतो. ठिपके मुद्दाम लहान-मोठे आणि फिकट-गडद केलेले असतात, म्हणजे उजळपणावरून अंदाज बांधता येऊ नये.

पहिली पाटी १२ ची. ती सगळ्यांना वाचता येते, रंगांधळ्यालाही. ती वाचली नाही तर प्रश्न रंगाचा नाही, नजरेचा आहे किंवा नाटकाचा. दुसऱ्या पाटीवर तुम्हाआम्हाला ८ दिसतो, लाल-हिरव्याचा दोष असलेल्याला ३. काही पाट्यांवर आपल्याला आकडा दिसतो आणि त्याला काहीच नाही. काहींवर उलट असतं: त्याला आकडा दिसतो, आपल्याला नुसते ठिपके. ही शेवटची जात मला फार आवडते. आई-वडील दोघं टक लावून बघत असतात आणि मुलगा सहज म्हणतो, "पाच." खोलीत एकदम शांतता होते.

पुस्तक ७५ सेंटिमीटरवर, नजरेला काटकोनात धरायचं. एका पाटीला तीन सेकंद. आकडा ओळखायला वेळ लागला, डोकं तिरकं केलं, "थांबा थांबा" म्हटलं, तरी मी ते लिहून ठेवते. ज्या पाट्यांवर वळणाची रेघ असते ती बोटानं नाही, ब्रशनं गिरवायची. बोटांचं तेल आणि घाम लागून छपाईचे रंग बदलतात. उन्हात राहिलेलं, विटलेलं पुस्तक तर कोणालाही पास किंवा नापास करेल. तपासणाऱ्याला विचारायला लाजू नका: पुस्तक किती जुनं, कुठे ठेवता? आणि मोबाइलवरच्या पाट्यांवरून निष्कर्ष काढू नका. प्रत्येक स्क्रीनचा हिरवा वेगळा.

पाट्या पाठ केल्या तर?

करतात. एकानं अख्खं पुस्तक पाठ केलं होतं. मी पानांचा क्रम बदलला तर त्यानं कोऱ्यासारख्या दिसणाऱ्या पाटीवर आत्मविश्वासानं ७४ सांगितलं. केंद्रांवरची माणसं माझ्यापेक्षा कितीतरी पक्की असतात. आणि समजा निभावलं, तरी मेडिकल एकदा होत नाही, नूतनीकरणाला पुन्हा पुन्हा होतं. पापीचे दिवे तर पाठ करताच येत नाहीत.

पाट्यांवर नापास झालो. सगळं संपलं का?

लगेच नाही. इशिहारा ही गाळणी आहे. दोष आहे की नाही ते सांगते, किती आहे ते नीट सांगत नाही. अगदी सौम्य दोष असलेला मुलगाही तिच्यात अडकतो. म्हणून पुढची पायरी असते. लँटर्नच्या तपासणीत अंधाऱ्या खोलीत लांबून लाल, हिरवे, पांढरे बारीक दिवे दाखवतात आणि नाव सांगायला लावतात. आपल्या सैन्यदलांत यासाठी मार्टिन लँटर्न चालतो. अ‍ॅनोमॅलोस्कोप नावाच्या यंत्रात लाल आणि हिरवा मिसळून पिवळ्याशी जुळवायला लावतात, त्यावरून दोषाचा प्रकार बिनचूक कळतो.

अलीकडची पद्धत कॉम्प्युटरची. लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत ब्रिटनच्या सीएए या विमान वाहतूक प्राधिकरणासाठी सीएडी नावाची तपासणी बनली. ठिपक्यांच्या पार्श्वभूमीवर एक रंगीत चौकोन सरकतो, तो कुठल्या दिशेला गेला ते बटणानं सांगायचं. पाठ करण्यासारखं काही नाही, आणि निकाल आकड्यात, आकडा जितका मोठा तितका दोष जास्त: हिरव्या बाजूच्या दोषाला ६ पर्यंत चालतं, लाल बाजूच्या दोषाला १२ पर्यंत. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक संस्थेनं १ जानेवारी २०२५ पासून नव्या अर्जदारांसाठी अशाच कॉम्प्युटर तपासण्या लागू केल्या. मला विचाराल तर हीच दिशा बरोबर आहे. सौम्य दोषाच्या मुलाला उगाच अडवू नये आणि तीव्र दोषाच्या मुलाला चुकून सोडू नये, हे दोन्ही पाट्यांच्या पुस्तकाला पेलत नाही.

तुमच्या निकालावर 'अनफिट' आलं असेल तर कागद नीट वाचा. तात्पुरतं आहे की कायमचं, आणि कारण काय लिहिलंय? पुढचा अर्ज त्यावर ठरतो.

रंगीत लेन्स किंवा ते खास चष्मे?

नाही. आयकाओच्या नियमात वैमानिकाची कॉन्टॅक्ट लेन्स एका नंबरची आणि बिनरंगाची लागते. नेटवर मिळणारे खास चष्मे काही रंग गाळून फरक वाढवतात, पण ज्या पेशी नाहीत त्या देत नाहीत. शिवाय एक फरक वाढतो तेव्हा दुसरा पुसला जातो. गॉगलबद्दलही लक्षात ठेवा: उडताना करड्या रंगाचा आणि पोलराइज्ड नसलेलाच.

औषध? आयुर्वेद? व्यायाम?

जन्मजात दोषावर काहीही नाही. २००९ साली माकडांवर जनुक उपचार यशस्वी झाला, पण माणसांसाठी तो दवाखान्यात आलेला नाही. 'सहा महिन्यांत रंग दिसतील' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, मग तो राजवाड्याजवळ बसलेला असो की यूट्यूबवर.

आत्ता ठीक आहे. पुढे बिघडू शकतं?

जन्मजात दोष आहे तसाच राहतो. पण नंतर येणारा दोष वेगळा. क्षयावरच्या इथॅम्ब्युटॉलनं दृष्टीच्या नसेला सूज येऊ शकते आणि त्यात लाल-हिरवा ढळतो. मधुमेह आणि काचबिंदू यांत बहुधा निळ्या-पिवळ्याची गडबड होते, आणि इशिहाराच्या पाट्या ती पकडत नाहीत. एका डोळ्यानं रंग फिके वाटू लागले तर तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जाण्याचा दिवस आहे, मेडिकलची तारीख कधीही असो.

चष्मा आहे. चालेल?

चालेल. क्लास १ ला चष्म्यासकट प्रत्येक डोळ्यानं ६/९ आणि दोन्हीनं मिळून ६/६ आलं पाहिजे. जवळचं बारीक अक्षरही वाचता आलं पाहिजे. उडताना चष्म्याचा दुसरा जोड जवळ ठेवावा लागतो. याच्यावरून घाबरून येणाऱ्यांची संख्या सगळ्यात जास्त आणि अडकणाऱ्यांची त्या मानानं थोडी.

मेडिकलमध्ये आणखी काय बघतात?

रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान, रक्तदाब, वजन. कानात मळ साचून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, बिघडते आणि मुलगा उगाच अडकतो. आठवडाभर आधी कान दाखवून या. स्वतः काडी घालू नका.

एअर फोर्समध्ये जायचं असेल तर?

तिथे निकष आणखी कडक. उड्डाण शाखेला सीपी-१ लागतं, म्हणजे रंगदृष्टीची सर्वात वरची श्रेणी. इथे तडजोड नाही. एनडीएची तयारी सुरू करण्याआधी पाट्या वाचून घ्या, दोन वर्षांच्या क्लासनंतर नाही.

नाहीच जमलं तर?

पहिले काही आठवडे त्याला सल्ले देऊ नका, हा माझा सल्ला. 'दुसरं काहीतरी कर' हे त्याला कळतंच. नंतर बोलताना एवढं पाहा की निवडलेल्या कामात पुन्हा हीच भिंत नको. एअर ट्रॅफिक कंट्रोलर आणि रेल्वेचा लोको पायलट, दोन्हीकडे रंग पाहतात. साध्या ड्रायव्हिंग लायसन्ससाठी सौम्य आणि मध्यम दोषाची अडचण २०२० च्या बदलानंतर राहिलेली नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं पुण्याच्या एफटीआयआयला रंगांधळ्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रमांची दारं उघडायला सांगितलं. म्हणजे सिनेमाचं संकलनसुद्धा शिकता येतं.

मुलगी आहे. तिला तपासायला हवं का?

हो. बायकांत प्रमाण कमी आहे, शून्य नाही. वडील रंगांधळे असतील तर तिच्यासाठी ही तपासणी आणखी गरजेची.

तपासणीला कधी यावं?

सकाळी दहा ते बारा. उत्तरेच्या खिडकीतून तेव्हा ऊन आत येत नाही आणि उजेड भरपूर असतो. फार ढगाळ असेल तर दुसऱ्या दिवशी या. जुना चष्मा आणि नंबराचा कागद आणा, शक्य असेल तर मामालाही आणा. पुस्तक मी धरेन, ब्रश तुमच्या मुलाच्या हातात देईन. आणि उत्तरं तेवढी त्यालाच देऊ द्या. मागच्या महिन्यात एक आजी खुर्चीमागे उभ्या राहून प्रत्येक पाटीला हळूच खोकत होत्या. ६ ला सहा वेळा.